कुंकवाखालचं नाव

“हे मूळचे का?”

आमच्या लोणावळ्याच्या घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. सामानाचा टेम्पो फाटकात उभा होता, आमचे हे हमालांना पंखा जपून उतरवायला सांगत होते, आणि उंच, वाळका, पुढचा एक दात नसलेला हा गृहस्थ माझ्या केसांकडे बघत होता. मी आदल्याच दिवशी केस रंगवले होते. इतके काळेभोर, की थोडा रंग कपाळावरही उतरला होता. मी म्हटलं, “म्हणजे काय? मूळचेच.” त्यांनी वाकून माझ्या कानामागे पाहिलं, “रीपेंट” एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले.

मी तेव्हा तरुण होते. अठ्ठावन्नची. हसू नका. आज नातवंडं जिना चढताना मला हात देतात, त्या मानाने अठ्ठावन्न म्हणजे परकरी वयच. पुण्यातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते आणि जगात जे जे चुकलेलं दिसेल ते दुरुस्त करणं हे आपलं कामच आहे, अशी माझी समजूत होती. लोणावळ्याला आलो ते यांना तिथली हवा मानवते म्हणून. मी मात्र बेत बांधून आले होते. पहाटे उठायचं, टेकडी चढायची, आत्मचरित्र लिहायचं. आत्मचरित्र माझ्या जन्माच्या आधीच अडलं, टेकडीवर माकडाने चष्मा पळवला, आणि पहाट तर तिथे धुक्यात दिसतच नाही.

घरमालक तळेगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही. एकटेच होते. घरातली दर्शनी मोठी खोली सायकलीची. सर मागच्या चिंचोळ्या खोलीत राहायचे. सायकल त्यांच्या वडिलांची. विलायतेहून आलेली, काळी, उंच, सळईच्या ब्रेकची. लोणावळ्याच्या पावसाळ्यात भिंतींना घाम फुटतो. आमच्या चादरींवर, यांच्या बुटांवर, एवढंच काय, माझ्या आत्मचरित्राच्या पहिल्या पानावरही हिरवी लव उगवली. सायकलीखाली मात्र पावसाळाभर एक बल्ब जळत असायचा, तिला ऊब मिळावी म्हणून. सर स्वतः दमट गादीवर खोकत झोपायचे. मी एकदा भीतभीत विचारलं, आमचे चार कपडे त्या खोलीत वाळत घालू का? त्यांनी बराच विचार केला. “रुमाल चालतील,” म्हणाले. “साड्या फार ओल धरतात.”

त्यांचं म्हणणं असं, की वस्तू एकदाच मूळची असते. रंग उडाला असेल तर तो उडालेला रंगच खरा. गंज थांबवायचा, घालवायचा नाही. सुती फडकं, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, कातडी सीटवरून मेणाचा हात, आणि पुढे आपण गप्प बसायचं. हा नियम ते स्वतःलाही लावत. पडलेल्या दाताच्या जागी त्यांनी दुसरा बसवला नाही, कारण तो ‘नंतरचा पार्ट’. गुडघा बदलायला सांगणाऱ्या डॉक्टरला त्यांनी विचारलं होतं, “ओरिजिनल काढून तुम्ही ठेवता कुठे?” शेजारच्या बंगल्याला नवा गुलाबी रंग दिला, तर सर समाचाराला गेल्यासारखे जाऊन बसून आले.

हे सगळं मला कळलं ते उशिरा. पहिल्याच आठवड्यात सर वडगावला तहसील कचेरीत गेले होते. मी त्यांचं वर्तमानपत्र आत ठेवायला गेले आणि सायकलीची घंटी दिसली. पितळी, पण पार काळवंडलेली. माझे हात शिवशिवले. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी घेतली आणि देवाची समई घासते तशी ती घंटी घासली. अशी झळकली की तिच्यात मला माझं हसरं तोंड दिसायला लागलं. सर आले, घंटी बघितली आणि मटकन खुर्चीत बसले.

“बाई, पाणी आणा,” म्हणाले. पाणी प्याले. मग हळू आवाजात म्हणाले, “त्या काळेपणात माझ्या वडिलांचा अंगठा होता.”

मला फार वाईट वाटलं, असं इथे लिहिलं तर शोभून दिसेल. खरं सांगायचं तर मला राग आला होता. फुकटात इतकी लख्ख घासून दिली, वर बोलणी! पुढे बरेच दिवस सर माझ्याशी दूधवाल्यामार्फत बोलत. आम्ही दोघं समोरासमोर उभे, मध्ये दूधवाला. “भाडेकरूंना सांग, नळाला पाणी आलंय.” मी म्हणायची, “मालकांना सांग, दिसलं.” तो बिचारा माप हातात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचा.

पण माणसाला करमायला काहीतरी लागतंच. माकडं आणि धुकं यांच्यापेक्षा सर बरे, असं ठरवून मी त्यांच्याबरोबर हिंडायला लागले. सर सायकली जमवत नसत. मावळात कुठे जुनी सायकल आहे असं कळलं, की जायचं, ती कुठली ते ओळखायचं आणि मालकाला सांगून यायचं की हिला काही करू नका. विकत का घेत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मी घेतली की तिचा धनी बदलला. मग मूळची कसली?” म्हणजे लोकांनी काही करू नये, हे सांगण्यासाठी हा माणूस गावोगाव पायपीट करायचा. आणि मी, जिने आयुष्यभर मुलांना काहीतरी करा, काहीतरी करा म्हणून पिडलं, ती छत्री सावरत त्यांच्या मागे.

कामशेतच्या बाजारात तांदळाच्या दुकानासमोर एकाची जुनी सायकल उभी होती. सायकलीचा नंबर कधी सीटखाली असतो, कधी पेडलांच्या मधल्या नळीवर, खालच्या अंगाला. सरांनी पिशवीतून गोणपाट काढलं, भर रस्त्यात पसरलं आणि आडवे होऊन सायकलीखाली डोकं घातलं. डोळे वर लागलेले, तोंडाने आकडे पुटपुटतायत. बाजाराने काय समजायचं? फिट आली, असं कुणीतरी म्हणालं. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला, दुसऱ्याने चप्पल. सर कांद्याआडून सांगत होते, “बाजूला व्हा, उजेड अडतोय.” मी कुठे होते म्हणाल, तर दुकानाच्या पायरीवर, ह्या माणसाशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने इंद्रायणी तांदळाचा भाव विचारत होते.

भाजे गावातली सायकल मात्र मी जन्मात विसरणार नाही.

नवरात्राचे दिवस होते. आमच्या मध्यस्थ दूधवाल्याने बातमी आणली, की भाज्यात एका गोठ्यात आढ्याला जुनी सायकल टांगलेली आहे. लोकलने मळवलीला उतरून आम्ही चालत गेलो. घरात सत्तरीच्या एक मावशी आणि त्यांचा मुलगा. मुलगा भातशेती करायचा आणि शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या आपल्या पडीत लावून घ्यायचा. सायकल मावशींच्या मालकांची. ते तिच्यावरून लोणावळ्याच्या बंगल्यांना दूध घालायचे. त्यातल्याच एका पारशी कुटुंबाने बंगला बंद करून जाताना ती त्यांना दिली होती. ते वारल्यापासून ती गोठ्यात होती.

सरांनी ती खाली उतरवून घेतली आणि गोणपाट पसरलं. ते हँडलपासून सुरू करून मागच्या दिव्यापर्यंत गेले. सळईचे ब्रेक, रिमा, पेडलं, मडगार्डवरच्या पुसट सोनेरी रेघा, खालचा नंबर. प्रत्येक ठिकाणी त्यांचा आवाज थोडा थोडा बसत गेला. शेवटी उठून बसले तेव्हा नाकावर जाळं चिकटलेलं होतं. “सगळं मूळचं आहे,” म्हणाले. “एक नटसुद्धा बदललेला नाही.”

राहिली एकच जागा. हँडलखालची पुढची नळी, जिथे कंपनीच्या नावाचा पितळी बिल्ला असतो. तिथे बोटभर जाडीचा थर होता. हळद, कुंकू, तेल, कापराची काजळी. इतक्या खंडेनवम्यांची पूजा एकावर एक बसून घट्ट झालेली.

मुलगा म्हणाला, “सर, तुमी आलात ते बरं झालं, पन ही चाललीया. वरचा फार्महाऊसवाला दसऱ्याला टेम्पो आननार हाय. पिवळी करनार, म्होरं फुलांची टोपली, आन् गेटावर टांगनार. लोक फोटो काढत्यात.”

‘पिवळी’ ऐकल्यावर सरांनी गोठ्याची मेढ धरली. मग त्यांनी त्याला समजावून सांगितलं, अशी सायकल आता कुठे राहिलेली नाही, रंग लावला की ती मेली. मुलगा काही वाईट नव्हता. ऐकून घेतलं. “बरं, मूळची हाय म्हनता. पन कुनाची? नाव दाखवा. नाव असंल तर न्हाई देत, सबूद देतो. बिननावाची असंल तर हितं लटकून तरी काय करती?”

सर म्हणाले, खंडेनवमीला सकाळी येतो.

त्या रात्री मला उत्साहाने झोप नाही. नाव निघायचं तर थर निघायला हवा, आणि थर काढण्यात माझा हात कोण धरणार? घंटीचा कलंक धुऊन निघायची ही संधी. मी डब्यात चिंच भिजवली, मीठ कालवलं, जुना टूथब्रश घेतला. बिल्ला चकाकून वर येतो आणि सर म्हणतात, बाई, तुम्ही होतात म्हणून, इथपर्यंत माझ्या मनात सगळं ठरलं होतं.

खंडेनवमीला आम्ही पोचलो तेव्हा मुलगा झेंडू आणायला कामशेतला गेला होता. मावशींनी अंगण सारवलं होतं. विळे, कोयते, नांगराचा फाळ, मुलाची मोटरसायकल आणि शेवटी ती सायकल, अशी सगळी धुऊन पुसून मांडली होती. मावशी ताट घेऊन आल्या. मी डबा उघडला आणि वर्गात सांगतात तशा सुरात सांगितलं, “मावशी, एवढं खरवडलं की नाव निघेल बघा.”

मावशींनी ताट खाली ठेवलं. रागावल्या नाहीत.

“मालक गेले तवा बायकांनी माझं पुसलं,” म्हणाल्या. “मी पुसू दिलं. रीत हाय. मंग हिचं पुसाया गोठ्याकडं निघाल्या, तवा मी दारात आडवी ऱ्हायले. तवापास्नं दर साली हिला लावते. माझं गेलं. हिचं न्हाई जायाचं.”

मला काही सुचेना, आणि न सुचलं तरी बोलायची मला सवय. म्हटलं, “पण नाव नाही दिसलं तर पिवळी करतील हो.”

“करू द्या पिवळी. माझ्या हातानं न्हाई.” मग त्यांनी माझ्या डब्यात डोकावून वास घेतला. “चिंच व्हय? द्या हिकडं, आमटीला व्हईल.”

मी डबा देऊन टाकला.

सर सायकलीसमोर उकिडवे बसले. ते आता काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. कारखान्यातून आलं नाही ते नंतरचं. ज्या माणसाने स्वतःच्या तोंडात दात बसवू दिला नाही, तो बोटभर कुंकवाला काय सोडतो! त्यांनी अंगठा त्या थराजवळ नेला, पण टेकवला नाही. तेवढ्यात मुलगा झेंडूच्या माळा घेऊन आला. सर उठले. गुडघा कटकन वाजला.

“वाचलं,” म्हणाले.

“काय वाचलं?”

“नाव.” आणि त्यांनी कंपनीचं नाव, कारखान्याचं गाव, सगळं वर्गात शिकवावं तसं सांगितलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. उगीच कुणीतरी पडताळायला जायचं.

मुलाने वाकून पाहिलं. “कुटं? कुकू तर जसंच्या तसं हाय.”

“पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या नळीतून, खालून बघावं लागतं. बिल्ल्याची अक्षरं आतून उलटी उमटतात. रसायनशास्त्र आहे ते.”

असलं रसायनशास्त्र जगात नाही, हे मला भूगोलाच्या बाईलाही कळत होतं. ज्या माणसाने नंबरातला एक आकडा पुसट आहे म्हणून एका सायकलीचं नाव वर्षभर सांगितलं नव्हतं, तो भरल्या घरात धडधडीत खोटं बोलत होता. खोटं पकडणं हा तर माझा जन्माचा धंदा. मी तोंड उघडलं.

“बाई, पाणी आणा,” सर म्हणाले. घंटीच्या दिवशी म्हणाले होते, अगदी तसंच.

मी पाणी आणायला गेले. आयुष्यात वेळेवर गप्प बसल्याचा माझा हा एकच प्रसंग, आणि त्यातही मला पाठवावं लागलं.

परत आले तेव्हा मुलगा फोनवर सांगत होता, “न्हाई, न्हाई द्यायची. घरची हाय ती. नाववाली हाय.” मावशींनी सायकलीला हळदकुंकू वाहिलं, माळ घातली. आम्ही जेवायला बसलो. आमटी फार खारट झाली होती, पण कुणी काही बोललं नाही. मीठ माझं होतं.

मळवली ते लोणावळा एकच स्टेशन, पण मला तेवढंही धरवेना. “तो थर नंतरचा नव्हता का सर?”

“ती घरी आली त्या दिवसापासून आहे. तिच्या घरच्यांइतकाच मूळचा.”

“आणि खोटं बोललात ते?”

“सायकलीबद्दल मी एक अक्षर खोटं बोललो नाही. तिला नाव आहेच. मी ते वाचलं असं म्हणालो. खोटं असलंच तर माझ्याबद्दल आहे.” मग माझ्याकडे वळून, “आणि तुम्ही काही बोलू नका. तुम्ही घंटी घासली आहे.”

सर जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी नवा दात बसवला नाही. पुतण्याने घर आमच्याकडेच राहू दिलं आणि सायकलही. अट एवढीच, की पावसाळ्यात बल्ब विझवायचा नाही. मी विझवत नाही. रुमालसुद्धा वाळत घालत नाही. घंटी आता पुन्हा चांगली काळवंडली आहे. त्यात माझाही अंगठा आला असणार, पण ते सरांना सांगायची सोय राहिली नाही.

भाज्याला मी दर खंडेनवमीला जाते. यंदा तिथे पुण्याचा एक संग्राहक येऊन बसला होता. कुठून तरी त्याला पत्ता लागला होता. हातात मऊ ब्रश, कसल्याशा द्रावणाची बाटली. सायकल बघून त्याचेही डोळे सरांसारखे झाले होते, म्हणून मला तो आवडला. त्याला काही ती न्यायची नव्हती. एवढा बिल्ला तेवढा मोकळा करून बघू द्या, म्हणत होता.

मुलगा, आता तोही पिकलाय, ऐटीत म्हणाला, “कशापायी? आमच्या सरांनी वाचलाय की. ह्या बाई हुत्या हितं.”

संग्राहक माझ्याकडे वळला. “तुमच्यासमोर वाचलं?”

खोटं बोलणाऱ्या किती पोरांना मी बाकावर उभं केलं असेल, देव जाणे. मी चष्मा पुसला.

“हो तर,” मी म्हटलं. “चिमट्याच्या नळीतून. अक्षरं आतून उलटी उमटतात. रसायनशास्त्र आहे.”

“आणि बाकीचं? सगळं मूळचं?”

“सगळं मूळचं.”

त्याची नजर क्षणभर माझ्या काळ्याभोर केसांवर थांबली. पण संग्राहक सज्जन होता. बाटलीचं बूच लावून त्याने ती पिशवीत टाकली.

तो गेल्यावर मावशींनी मला चुलीपाशी बोलावलं. आता त्यांना फारसं दिसत नाही, पण कुंकवाची जागा हाताला बरोबर सापडते. माझ्या कानाशी लागून हसत म्हणाल्या, “बिल्ला कुटला वो बाई? सायकल आनली त्याच पोळ्याला मालकांनी त्यो काढला आन् बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्यावर ठोकला. लय चकाकायचा. पुढं पुरात बैल गेला, बिल्ला बी गेला. त्या कुकवाखाली निस्ती दोन भोकं हायती.”

त्या दिवशी माझी चिंच चालली असती, तर कुंकूही गेलं असतं, नावही निघालं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी सायकल पिवळी.

“मग सर बोलत होते तेव्हा तुम्ही गप्प कशा राहिलात?”

“एवढा करडा मानूस माझ्यापायी खोटं बोलत हुता. मधी कशाला त्वांड घालू?” त्यांनी आमटीत पळी फिरवली, वाटी भरली आणि माझ्यापुढे सरकवली. “तुमाला तवा न्हाई जमलं. पान्याला धाडावं लागलं. पन आज ब्येस बोलला. जरा बी अडखळला न्हाई.”